शंभर भोकांचा धनी

“पुन्हा भोकं!” राजे पर्वतराव गरजले आणि अंगणातली कबुतरं भुर्रकन उडाली.

चार दिवसांवर राजकन्येचं लग्न! मांडवासाठी वाड्यावरच्या रायाजी गड्याने आठ दिवस खपून अंगण चोपलं होतं, त्याच्या लेकीने, येसूने, ते शेणाने सारवून लख्ख केलं होतं. आणि रोज महाराजांची वामकुक्षी आटोपेपर्यंत त्या ओल्या अंगणात भोकंच भोकं! सकाळी बुजवावीत, तर दुपारी पुन्हा हजर.

राजशिकारी म्हणाला, “घूस!” त्याने सापळा लावला. सापळ्यात प्रधानजींचा अंगठा सापडला. वैद्यबुवा म्हणाले, “खेकडा!” त्यांनी घागरीभर पाणी ओतलं, नुसता चिखल झाला. मग प्रधानजींनी लंगडत लंगडत मिरच्यांची धुरी दिली. भोकांतून काही निघालं नाही, मुदपाकखान्यातून आचारी तेवढे खोकत बाहेर आले.

महाराज म्हणजे हट्टाचे मेरुमणी!

“रायाजी, उद्या दुपारी तो प्राणी माझ्यापुढे उभा कर. सगळी भोकं त्याच्याकडूनच बुजवून घेईन, हे माझं वचन! नाही जमलं, तर बाडबिस्तरा उचल आणि राज्याबाहेर चालू लाग!”

रायाजीच्या तोंडचं पाणी पळालं. घूस कुठे शेण कालवते का? पण राजाला विचारणार कोण!

येसू मात्र भोकांपाशी उकिडवी बसली. तिने बोट घालून पाहिलं, भोकं मोजली, मधलं अंतर पावलांनी मापलं आणि गालातल्या गालात हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा दरबार अंगणात जमला. भोकं होतीच. महाराज काठी टेकत आले.

“कुठे आहे प्राणी?”

येसू पुढे झाली. “आलाय, महाराज. पर आधी त्येची वळख करून देते. घूस असती, तर भाईर मातीचा ढीग असता. कुत्रं असतं, तर नखांचे ओरखडे असते. हितं दोन्ही न्हाई. ह्यो उकरत न्हाई, वरनं टोचतो.”

“मग काय बगळा आहे?” शिकारी फिदीफिदी हसला.

“बगळ्याला शंभर मोजता येत्यात व्हय? रोज बरूबर शंभर भोकं! पावलागणिक एक. आन् ह्यो येतो जेवणं झाल्यावर, सगळा वाडा घोरत असतो तवा.”

महाराजांना गंमत वाटू लागली. “मोठा शिस्तीचा प्राणी दिसतो!”

“देवभोळाबी हाय! परवा एकादशीला फिरकला न्हाई.”

“उपास करतो?”

“निर्जळी!”

राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. वाड्यात निर्जळी एकादशी एकटे महाराजच करत.

“आता हातातली काठी ह्या भोकात घाला की, महाराज!”

काठी नवी कोरी, सासुरवाडीची भेट, टोकाला अणकुचीदार लोखंड. वैद्यबुवांनी जेवणानंतर शतपावली सांगितल्यापासून महाराज डोळे मिटून, विडा चघळत अंगणात फिरत आणि आकडा चुकू नये म्हणून दर पावलाला काठी जमिनीत खुपसत.

काठी भोकात अश्शी बसली, जशी म्यानात तलवार!

रायाजीने भीतीने डोळेच मिटले.

“म्हणजे तो प्राणी...” महाराज पुटपुटले.

“म्या न्हाई नाव घेत!” येसूने पाटी पुढे सरकवली. “वचन तेवढं आठवावं. शेण ताजं हाय!”

महाराजांनी पाटीकडे पाहिलं, येसूकडे पाहिलं आणि पोट धरधरून हसू लागले! मग बाह्या सरसावून बसले आणि त्यांनी खरंच भोकं बुजवली. दहा बुजवून दमले. त्यातली सात येसूला पुन्हा बुजवावी लागली, ते सोडा. आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी रायाजीच्या हातात घातलं.

“आणि तुला काय हवं, पोरी? लाजू नको, माग!”

“मला कायबी नगं, महाराज. लगीन लागंपातुर शतपावली तेवढी गच्चीवर घाला. तिथं फरशी हाय!”