ज्याच्या त्याच्या उपासाची कहाणी

ऐका बायांनो, हातातलं काम घटकाभर खाली ठेवा. एक होतं आटपाट नगर. नगरात पेठ, पेठेत विसाजी कासाराचं दुकान. बांगडी अशी भरायचा की परगावच्या बायका गाडी जोडून यायच्या. मग विसाजीला दारू लागली. हात कापू लागला. एका नवरीचा चुडा भरताना एकामागून एक तीन बांगड्या वाढल्या, मनगटातून रक्त आलं. वरमाय ताडकन उठून गेली. पेठेत बभ्रा झाला.

विसाजीची बायको मथुरा. तिनं सोमवार धरला, नवरा पिऊन आला. मग गुरुवार धरला, नवरा पिऊन आला. मग शनिवार धरला, नवरा चौघांनी उचलून आणला. मथुरा वाळून काडी झाली, विसाजी मात्र अंगानं सुटला. सासू म्हणे, "तुझंच काही चुकतंय, अजून एक वार धर."

एके दिवशी दुकानात एक म्हातारी आली. बांगड्या निवडता निवडता म्हणाली, "मुली, तुझं मनगट माझ्याहून वाळलं, ते का गं?" मथुरेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "माझ्या धन्याचंही हेच होतं. तुला एक वसा सांगते. दर शनिवारी, उन्हं उतरली की शाळेच्या वर्गात पिणारी माणसं जमतात. सोडलेली, सोडू बघणारी. बाकावर बसावं, नाव सांगावं, खरं बोलावं, दुसऱ्याचं ऐकावं. आजचा दिवस प्यायचं नाही, एवढाच नेम. उद्याचं उद्या." कोणती शाळा ते न सांगताच गेली. देव आणि म्हाताऱ्या, दोघांची हीच खोड.

मग मथुरा शोधायला निघाली. पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, गुत्ता विचारा, डोळे मिटून सांगतो!" मग गुरवाला विचारलं. तो म्हणाला, "देवळाच्या दारात असलं विचारू नये." मग दवाखान्यातल्या नर्सबाईला विचारलं. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच सांगितलं, "वेशीजवळची कौलारू शाळा. माझा भाऊ जातो."

शनिवार आला. मथुरेनं कडक उपास धरला, पाण्याचा थेंब घेतला नाही. नारळ घेतला, अक्षता घेतल्या, शाळेत गेली. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून मोठी माणसं बसलेली. तिची पाळी आली. उठून म्हणाली, "मी विसाजी कासाराच्या नावानं आले. नेम मी पाळते, फळ त्यांना मिळो."

कोणी हसलं नाही. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, "बाई, माझ्या बायकोनं माझ्या नावानं अकरा वर्षं उपास केले. मी अकरा वर्षं प्यालो. तिचं पोट रिकामं, माझा पेला भरलेला. हा वसा दुसऱ्यासाठी करता येत नाही. तुमच्यासाठी शेजारचा वर्ग आहे, घरच्या माणसांचा."

मथुरेला राग आला. राग घेऊन शेजारच्या वर्गात गेली, तर तिथं तीच म्हातारी चहा ओतत होती. "आलीस? बस," म्हणाली. "आधी पोटात काही घाल."

मथुरा घरी आली. चूल पेटवली, भाकरी थापली, ठेचा वाटला, नवऱ्यासमोर पाट मांडून पोटभर जेवली. सासू ओरडली, "अगं, नवऱ्याचं आयुष्य कमी करतेस!"

"सासूबाई, ते रोज कमी करतात, मी किती जोडू? आजपासून यांच्या नावाचा एकही उपास नाही."

मग आणखी एक केलं. आजवर गिऱ्हाईक आलं की ती सांगायची, यांना ताप आहे. आता सांगू लागली, "प्यालेत. हात कापतो. बसा, मी भरते." आणि गिऱ्हाइकाची मूठ दाबून बांगड्या अशा नाजूक भरू लागली की बायका तिलाच हाक मारू लागल्या. शनिवार आला की दुकानाला कुलूप घालून भर पेठेतून निघायची. कुणी विचारलं, "कुठं?" की सांगायची, "शाळेत. दारूच्या सभेला." विसाजी चिडला, "लोक काय म्हणतील?"

"तुम्ही गटारात पडलात तेव्हा लोकांनी काय म्हटलं, ते आठवा. माझ्या चालण्याला कोण काय म्हणतं ते मी बघते."

एक शनिवार गेला, दोन गेले. तिसऱ्या शनिवारी विसाजी मागून चालत आला. वर्गाच्या दाराशी थांबला. "मथुरे, माझ्यातर्फे तू बोल." ती म्हणाली, "माझा वर्ग शेजारी," आणि गेली. मग विसाजी आत शिरला, लहान बाकावर बसला, म्हणाला, "मी विसाजी. मी पितो."

महिनाभर नेम पाळला. मग एका बारशाला गेला आणि प्याला. घरी तोंड लपवून बसला, "वसा मोडला, आता कोप होणार." मिशांचे गृहस्थ स्वतः दारात आले. "मोडला तर परत उचल. हा देव रुसत नाही, फक्त वाट बघतो. चल, शनिवार आहे." विसाजी उठला.

वर्ष झालं. विसाजीनं मथुरेचा हात हातात घेतला, हिरवी बांगडी चढवली. हात थोडा कापला. बांगडी टिकली.

सासू दारातून म्हणाली, "आता तरी सोमवार धर गं!"

"धरीन की सासूबाई," मथुरा म्हणाली. "माझ्या नावाचा."

जशी मथुरा उठली तशा तुम्ही आम्ही उठू. जसं विसाजीला दार सापडलं तसं ज्याचं त्याला सापडो. साठ बोलांची कहाणी, पाच बोलांत सांगितली, ऐकणारीच्या ओटीत फळासकट घातली.