रिकाम्या हाताने परतलेली चढाई

एकदा एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघात एक तरुण होता. तो चढाईला निघाला की प्रेक्षक उभे राहत, आणि हे त्याला फार लवकर कळले होते. त्याचे वृद्ध गुरुजी मात्र विचित्रच. दोघांना बाद करून आला तरी ते गप्प बसत. कोणालाही न शिवता धापा टाकत परतला, की टाळी वाजवत. म्हाताऱ्याला खेळ कळेनासा झालाय, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

अंतिम सामन्यात त्याचा संघ एका गुणाने पुढे होता. शेवटची चढाई त्याची. समोर तिघेच उरले होते. नुसता परतला असता तरी चषक त्यांचाच होता. पण तिघेच तर आहेत, म्हणून त्याला चेव आला. समोर एवढे थोडे असताना पकड झाली तर त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात, हा शाळकरी पोरांनाही पाठ असलेला नियम त्याच्या डोक्यातून पार गेला. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला. मध्यरेषा हातभर दूर राहिली आणि सामना गेला.

त्याचे सहा सोबती न बोलता पिशव्या उचलून निघून गेले. सगळ्यांचेच ते शेवटचे वर्ष होते. कोणी शिवी हासडली असती तर बरे वाटले असते.

रित्या मैदानावर गुरुजी म्हणाले, "चढाई कर."

"समोर कोणी नाही, गुरुजी."

"तरी कर."

तो गेला आणि परतला. गुरुजींनी टाळी वाजवली, तेव्हा त्याला रडू कोसळले. ही टाळी कशाची, ते आधीच का सांगितलं नाही, असे त्याने विचारले.

"रोज सांगत होतो, बाळा. तुझा कान प्रेक्षकांकडे होता. तू आणलेले गुण सगळ्यांना दिसले. तू किती वेळा सापडलास, ते कोणी मोजलं नाही. चढाईला गडी एकटा जातो खरा, पण मागच्या सहा जणांचा डाव त्याच्या अंगावर असतो. आज तो डाव तू आपल्या हाताने देऊन आलास."

"पुढच्या वेळी..." तो म्हणाला आणि थांबला. पुढची वेळ आहे, असे गुरुजीही म्हणाले नाहीत. ते काठी टेकत निघून गेले.

त्याने पुन्हा दम धरला, पलीकडे गेला आणि कोणालाही न शिवता सुखरूप परतला. रेषेच्या अलीकडे त्याची वाट पाहणारे कोणी नव्हते.