करडी कुत्री आणि अर्धे ऐकणारा कावळा

सागाचे जंगल विरळ होत जाऊन गावाची पहिली घरे दिसू लागत, तिथे दगडी भिंतीचा एक कोंडवाडा होता. मोकाट कुत्री धरून आणून त्यात ठेवीत. मुलांनो, त्या कोंडवाड्याच्या ओलसर कोपऱ्यात एक करडी कुत्री पडून असे. बैलगाडीच्या चाकाखाली येऊन तिचा मागचा पाय चिरडला होता, पाठीवर खरूज उठली होती आणि एका डोळ्यातून सारखे पाणी वाहत होते. माणसांच्या बोलीतला तिला एकच शब्द ठाऊक होता, ‘हाड!’ तो ऐकला की अंग चोरायचे, एवढे तिला कळत असे, आणि एवढ्यावर तिचे बरे चालले होते.

तिच्या शेजारी एक तांबडा कुत्रा असे. “मला न्यायला कुणीतरी येणारच,” तो अंग चाटत म्हणे. “तुला कोण नेणार?” भिंतीवर एक कावळा बसायचा. त्याला माणसांची भाषा अर्धीमुर्धीच येत होती, पण पुरती येते असे तो साऱ्यांना सांगत असे.

एके सकाळी फुटाणे भाजणारी चांगुणाबाई कोंडवाड्यात आली. तांबडा कुत्रा शेपटी हलवीत तिच्या पायांशी लोळला. बाईने त्याला प्रेमाने थोपटले आणि ती थेट कोपऱ्याकडे गेली.

“बाई, तांबडा घ्या की, धट्टाकट्टा आहे,” रखवालदार म्हणाला. “ही आज-उद्या मरायची.”

“म्हणूनच तर हिला आधी न्यायचं. धडधाकटाला कुणीही नेईल,” चांगुणाबाई म्हणाली आणि तिने करड्या कुत्रीला गोणपाटात गुंडाळून उचलले.

कुत्री गोंधळून गेली. आजवर तिला उचलले होते ते फेकण्यासाठीच. तिने वर पाहिले. “हे दोघे काय बोलले रे?” तिने कावळ्याला विचारले.

“‘मरायची’ असं म्हणाले. माझ्या कानांनी ऐकलं,” कावळा ऐटीत म्हणाला. “बाई तुला मारायला नेते आहे, दुसरं काय? नासकं फळ कुणी खायला नेतं का?”

चांगुणाबाईच्या अंगणात भट्टीच्या आडोशाला गोधडी अंथरलेली होती. तिथे तिने कुत्रीला ठेवले आणि कडुनिंबाचा पाला घालून उकळलेल्या कोमट पाण्याने जखम धुवायला घेतली. पाणी असे झोंबले, की कुत्रीने बाईच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. रक्त आले. आता काठी बसणार, म्हणून कुत्रीने डोळे मिटून घेतले. काठी काही बसली नाही. बाईने साबणाने हात खळखळून धुतला, दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेतली आणि परत आल्यावर दुधात भाकरी कुस्करून वाडगा कुत्रीपुढे सरकवला.

कुत्रीने वाडग्याकडे पाहिले, मग बाईच्या हाताला बांधलेल्या फडक्याकडे पाहिले. तिला काही उलगडा होईना. अंगणात एक म्हातारी शेळी रवंथ करीत बसली होती. कुत्रीने तिला विचारले, “शेळीबाई, मारायचंच असेल तर ही खाऊ का घालते? आणि खाऊ घालायचं असेल तर झोंबवते का?”

“आधी खाऊन घे,” शेळी म्हणाली. “भाकरी भिजून चिखल होते आहे.”

कुत्रीने खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जखम धुणे, पुन्हा गुरगुरणे, पुन्हा वाडगा. बाई रोज काहीबाही बोले, कुत्री रोज ‘हाड’ची वाट पाही, आणि ते येत नसल्यामुळे तिला अंग कधी चोरावे हेच समजेनासे झाले. एकदा तर बाई पाठीवर मलम चोळत असता तिची शेपटी आपोआप हलली. तिने दचकून मागे वळून पाहिले, जणू ती शेपटी दुसऱ्याच कुणाची असावी.

पुढे जनावरांचा डॉक्टर आला. पाय दाबून पाहून तो हळूच म्हणाला, “चांगुणाबाई, पाय सडला आहे. कापला नाही, तर विष अंगभर पसरेल.”

“कापलात तर जगेल ना?” बाईने विचारले.

“जगेल, असं वाटतं.”

बाईने पदराने डोळे टिपले. कावळा कौलावरच होता. डॉक्टर जाताच तो खाली उतरला. “ऐकलंस? पाय कापणार तुझा! आज पाय, उद्या मान. दार उघडं आहे तोवर पळ!”

कुत्री तीन पायांवर उड्या मारीत पळाली. पळून जाणार तरी कुठे? तिला एकच जागा ठाऊक होती. कोंडवाड्यात कुणी मायेने बोलत नव्हते, पण तिथे काय होणार हे आधी कळत तरी असे. ऊन चढेपर्यंत ती धडपडत कोंडवाड्याच्या फाटकापाशी पोहोचली आणि बाहेरच कोसळली.

गजांच्या आत तांबडा कुत्रा पडला होता. त्याचे तुकतुकीत अंग आता काडीसारखे झाले होते, नाक वाहत होते. कोंडवाड्यात साथ शिरली होती. “तू परत का आलीस?” त्याने क्षीण आवाजात विचारले. “मला तर कुणी नेलंच नाही.”

तेवढ्यात वाटेवर चांगुणाबाई दिसली. ती उन्हात धापा टाकीत आली होती, पायात चपलासुद्धा नव्हत्या. कुत्री दात विचकून गुरगुरली. तशी बाई थांबली. पुढे झाली नाही, दोरी टाकली नाही, ओरडली नाही. तिथेच धुळीत फतकल मारून बसली.

कावळा भिंतीवर येऊन ओरडू लागला, “पकडायला आली! पकडायला आली!”

कुत्रीने कावळ्याकडे पाहिले, बाईकडे पाहिले. पकडायला आलेली बाई पकडत का नाही? मनगटावर आपलेच दात उमटलेले, आणि तोच हात मांडीवर उघडा ठेवून ही बसली आहे! सावल्या आखूड झाल्या, तरी बाई उठली नाही. शेवटी कुत्रीचे डोके शिणले, पण नाक शिणले नव्हते. त्या हाताला कडुनिंबाचा आणि भाकरीचा वास येत होता. ती सरपटत गेली आणि तिने त्या हातावर हनुवटी टेकली.

चांगुणाबाईने तिचे डोके कुरवाळले. मग तिची नजर गजांआड गेली. तिने रखवालदाराला हाक मारली. परतताना तिच्या एका काखेत करडी कुत्री होती आणि दुसऱ्या काखेत तांबडा कुत्रा.

पायाबद्दल कावळ्याने सांगितले ते खोटे नव्हते. दवाखान्यात कुत्रीचा पाय खरोखरच कापला. पण विष उतरले, खरूज गेली, डोळा निवळला आणि ती तीन पायांवर अंगणभर पळू लागली. तांबडा कुत्राही हळूहळू उठून बसला. त्याला मात्र औषधाच्या वाटीची फार धास्ती वाटे. एके दिवशी बाई बाजारातून घरी आली, तेव्हा तो करड्या कुत्रीला म्हणाला, “तुझा तर पायच नेला हिने. मग हिला पाहून शेपटी कशी हलवतेस?”

“मलाही ते नीटसं कळलेलं नाही रे,” कुत्री म्हणाली आणि शेपटी हलवीत दाराकडे पळाली.

तात्पर्य : आपले कोण, हे ऐकीव बोलण्यावरून ठरवू नये, आपण चावलो तरी जो हात उगारत नाही आणि आपल्यासाठी थांबून राहतो, तोच आपला.