हौसाक्काची म्हैस आणि शेठची मोटार

एकदा एक सायलेन्सर करणारा म्हातारा होता. पंचगंगेच्या काठच्या गावात त्याचं पत्र्याचं गॅरेज. नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्याच्या हाताखाली दस्तगीर नावाचा चेला होता. वेल्डिंग इतकं सुबक करायचा, की सांध्यावरून बोट फिरवलं तरी सांधा कळू नये. गुणी माणूस. फक्त आपला गुण लोकांना दिसावा, लांबून ऐकू यावा, एवढी त्याची हौस.

वस्ताद लेकीकडे गेले होते, तेव्हा गुळाचे एक व्यापारी शेठ गॅरेजात आले. त्यांनी टर्बोची मोटार घेतली होती. या मोटारीचं तंत्र असं, की इंजिनातून बाहेर पडणारा धूरच एक लहानसं चक्र फिरवतो आणि ते चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. धुराची वाट मोकळी असली की चक्र मोकळं फिरतं, आणि मग गाडी घाट हसत चढते. शेठना गुळाच्या कामासाठी सारखं कोकणात उतरावं लागे.

"दस्तगीर, घाटात जोर पायजे बघ," ते म्हणाले.

दस्तगीरनं कंपनीचा सायलेन्सर उतरवला, रुंद नळी लावली आणि शेवटी आरशासारखी चमकणारी तोटी बसवली. शेठनी पाय दाबला. गॅरेजचे पत्रे थरथरले. दोघंही खूश.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. दिवाळीच्या पाडव्याला तिथले गवळी म्हशींची शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरं बांधतात, आणि सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन पुढं धावतात. तो फटफटाट कानी पडला की म्हैस मालकाच्या गाडीमागं पळत सुटते. तिला ते आधीपासून शिकवलेलंच असतं. शेठच्या गल्लीच्या तोंडाशी हौसाक्का गवळणीचा गोठा होता, आणि तिची म्हैस चंद्री या पळण्यात कुणाला हार जात नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ गल्लीतून निघाले. चंद्रीनं कान टवकारले. तिला वाटलं, पाडवा आला! खुंटा उपटला आणि निघाली. शेठनी आरशात पाहिलं, तर मागं शिंगं. ते घाबरले, गाडी जोरात काढली. आवाज वाढला, तशी म्हैसही वाढली. ही मिरवणूक भाजी मंडईपर्यंत गेली. लोक हसून हसून बेजार झाले.

हौसाक्का मात्र हसली नाही. चंद्री गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. अक्कानं म्हैस घरी आणून बांधली आणि तडक गॅरेज गाठलं. वस्ताद नुकतेच गावाहून परतून चहा पीत होते.

"वस्ताद, तुमच्या चेल्यानं माझ्या म्हशीला येड लावलंय. आणि एकदा अशी पळाली, तर पोटातलं रेडकू माझ्या हाती लागायचं न्हाई. सांगून ठेवते."

मागून शेठ आले. त्यांचाही चेहरा उतरलेला. "अक्काचं खरं आहे. आवाज नको. पण घाटातला जोर तेवढा जाऊ देऊ नका."

वस्तादांनी कप खाली ठेवला. "दस्तगीर, तू केलंस, तूच निस्तर."

दस्तगीरनं नळीत पत्र्याचे आडवे तुकडे बसवले. गाडी एकदम गप्प झाली. शेठ गल्लीतून गेले, चंद्री जागची हलली नाही. खरं तर हौसाक्कानं तिला दोन दावी लावली होती. पण संध्याकाळी शेठ परत आले ते कपाळाला हात लावूनच.

"अरे बाबा, ही गाडी आहे का दम्याचा पेशंट? घाटात मला एसटीनं मागं टाकलं. वर कंडक्टरनं खिडकीतून टाटा केला!"

दस्तगीरनं पाना टाकून दिला. "वस्ताद, जोर पायजे तर आवाज येणारच. दोन्ही कसं जमंल?"

वस्ताद उठले. कोपऱ्यात पडलेला, कंपनीच्या त्याच जुन्या सायलेन्सरचा डबा त्यांनी उचलून आणला. दस्तगीरकडून तो कापवला, आतून रिकामा करवला. मग मधून रुंद नळी सरळ आरपार घालायला लावली, नळीला चहूकडून बारीक भोकं पाडायला सांगितली, आणि नळी व डबा यांच्यामध्ये ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, गच्च भरवली. डबा पुन्हा बंद केला. इंजिनाच्या बाजूला तसाच एक लहान डबा घातला. सगळं नव्या रबरांवर टांगलं, म्हणजे थरथर आत बसणाऱ्याला लागू नये. दस्तगीरनं जीव ओतून काम केलं. शेवटी त्यानं आपली चमकणारी तोटी पुसून हातात घेतली. वस्तादांनी ती काढून घेतली आणि कंपनीचं काळवंडलेलं जुनं तोंड त्याच्या हातात दिलं.

"हे?"

"हेच."

"अहो, मग एवढं काम केलेलं कुणाला दिसणार?"

"लाव रं बाबा."

गाडी पुन्हा होती तशी दिसू लागली. मग ती हौसाक्काच्या गोठ्याशी नेली आणि मागची बाजू चंद्रीकडे करून उभी केली. वस्ताद वाकले आणि त्यांनी चंद्रीची दोन्ही दावी सोडली.

"अगं बाई! दावी कशाला सोडताय?" हौसाक्का ओरडली.

"बांधलेल्या म्हशीला इचारून काय कळायचं, अक्का?" म्हातारा म्हणाला आणि त्यानं शेठना खूण केली.

सगळे श्वास धरून उभे राहिले. चंद्रीनं एक कान हलवला, माशी उडवली, आणि खाली बसून रवंथ करू लागली.

हौसाक्काला धीर धरवेना. "आता करा की गाडी चालू! किती येळ जीव टांगणीला लावताय?"

शेठनी खिडकीतून डोकं काढलं. "अक्का, मघापासून पाय दाबून बसलोय मी!"

मग शेठ घाटाकडे गेले. दस्तगीर गोठ्याच्या कट्ट्यावर वस्तादांजवळ येऊन बसला. चंद्रीकडे बघत त्यानं विचारलं,

"वस्ताद, मी गप्प केली तवा गाडी दमली. तुम्ही गप्प केली तर दमली न्हाई. आसं कसं?"

वस्ताद सावकाश बोलले. "तू पत्रे घातलेस, तेव्हा गाडीचा गळा धरलास. ती गप्प झाली, जशी चंद्री दाव्यानं गप्प होती. पण दावं सुटेपर्यंतच तो गप्पपणा टिकतो. आता धुराला सरळ वाट आहे, आणि आवाजाला जिरायला शेजारी लोकर आहे. जोराला वाट द्यावी, गलबल्याला जिरायला जागा द्यावी. मग कुणाचा गळा धरावा लागत नाही."

"आणि ती तोटी?"

म्हातारा हसला. "ती गाडीची कुठं होती? ती तुझी होती."

दस्तगीर खाली मान घालून हसला.

तेवढ्यात शेठ परतले. गाडी शेजारी येऊन थांबली तरी कुणाला पत्ता नाही. "आज मी कंडक्टरला टाटा केला!" असं ते ओरडले, तेव्हा सगळे दचकले.

पुढं चंद्री सुखरूप व्याली. हौसाक्का पितळेचा डबा भरून खरवस घेऊन गॅरेजात आली. "हा दस्तगीरचा," म्हणाली. त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यानं शेठची गाडी गेली. चहाच्या टपरीवर कुणी मान वर केली नाही. एकट्या दस्तगीरनं ती ओळखली. कुणाला काही न सांगता त्यानं खरवसाचा पहिला तुकडा वस्तादांच्या हातावर ठेवला, आणि दुसरा आपण खाल्ला.