टोक नसलेली रेषा

फार जुन्या काळची गोष्ट. माणसं तेव्हाही भांडायचीच, पण डोंगरापलीकडच्या एका गावाने भांडणावर एक तोडगा काढला होता.

दोघांचं जुंपलं की ज्याचा राग अनावर झाला असेल, त्याने मधे चुन्याच्या फक्कीने एक रेषा आखायची. आखली की ती कुणीही ओलांडायची नाही, आखणाऱ्यानेसुद्धा नाही. ओलांडणाऱ्याने गाव सोडायचं. पलीकडे जायचंच असेल तर रेषेच्या टोकापर्यंत चालत जावं आणि वळसा घालावा. रेषा पुसायची तीही दोघांनी एकाच बाजूला उभं राहून, म्हणजे एकाला तरी वळसा घालून दुसऱ्याकडे यावंच लागे. तेवढं चालेपर्यंत राग बहुधा निवलेला असे. पाय दुखायला लागले की माणूस जरा शहाणा होतो.

त्या गावात दोन भाऊ राहत. शेताची वाटणी झाली होती, पण विहीर एकच होती. ती धाकट्याच्या बांधाच्या आत होती आणि पाणी दोघांनी भरायचं, असं वडील सांगून गेले होते. एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि धाकट्याला वाटू लागलं, थोरला जास्त उपसतो. शब्दाने शब्द वाढला. धाकट्याने फक्कीची पाटी उचलली. पण त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. रेषा कितीही लांब आखली तरी दादा वळसा घालून येणार, पाठीवर हात ठेवणार, आणि आपला राग जाणार. त्याला तो घालवायचा नव्हता.

म्हणून तो शास्त्रीबुवांकडे गेला. शास्त्रीबुवांना भूमिती तोंडपाठ होती. वर्तुळाला रेषा म्हणता येईल का, असं त्याने विचारताच त्यांची कळी खुलली. त्यांनी धुळीत बोट फिरवून दाखवलं, की बिंदू चालू लागला की रेषा होते. सरळ गेला तर सरळ रेषा, आणि वळत वळत निघाल्या जागी परत आला तर वर्तुळ.

“वर्तुळ ही रेषाच,” ते म्हणाले. “फक्त तिला टोक नसतं.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. हे कशासाठी हवं आहे, एवढंच त्यांनी विचारलं नाही.

धाकट्याने घर, शेत आणि विहीर पोटात घेऊन एक भलंमोठं वर्तुळ आखलं. गावाने कुरकुर केली. पाटलाने बजावलं, की खोटी रेषा आखणारा भांडण हरतो, हे ध्यानात ठेव. धाकट्याने शास्त्रीबुवांचं नाव सांगितलं. विद्येपुढे कोण बोलणार? रेषा मान्य झाली.

थोरला नेहमीच्या सवयीने टोक शोधत निघाला. चालून चालून दमला, तेव्हा जिथून निघाला होता तिथेच येऊन उभा राहिला. त्याला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून तो नदीवरून पाणी आणू लागला.

धाकटा खूश होता. रागाच्या भरात माणसाला आपल्याजवळ काय आहे तेवढंच दिसतं. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. ती मुलीला घेऊन परत आली आणि फक्कीपाशी थांबली. तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

“अहो,” तिने विचारलं, “टोक कुठल्या बाजूला आहे?”

आपल्या रेषेला टोक तिच्यासाठीही नाही, हे धाकट्याच्या आता लक्षात आलं. ही रेषा खोटी, एवढं तो म्हणाला असता तर पुरे होतं. पण मग तो भांडण हरला असता आणि विहीर थोरल्याकडे गेली असती. त्याने विहिरीकडे पाहिलं आणि टोक नाही, एवढंच सांगितलं. बायको मुलीला घेऊन थोरल्याच्या घरी राहायला गेली.

पावसाळ्यात फक्की वाहून गेली. धाकट्याला लेकीची आठवण आली, मग विहीर आठवली, आणि त्याने नवी फक्की ओढली.

लेक रांगायला लागली, उभी राहायला लागली. तो हे लांबून बघे. एका सकाळी ती थोरल्याचं बोट धरून फक्कीजवळ आली, वर पाहिलं आणि थोरल्याला म्हणाली, “बाबा.”

थोरला ओशाळला. “बाबा तिकडे आहेत गं,” असं म्हणून त्याने फक्कीपलीकडे बोट दाखवलं. मुलीने तिकडच्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि ती थोरल्याच्या धोतराआड लपली.

धाकटा रडला. मग त्याने पाटलाला हाक मारून बोलावलं.

“ही रेषा नाही,” तो म्हणाला. “हे कुंपण आहे, आणि आत मी आहे.”

पाटलाने रेषा रद्द केली आणि विहीर थोरल्याला दिली. थोरल्याने पाणी पूर्वीसारखंच दोघांचं ठेवलं. बायको सामान घेऊन घरी आली. मुलगी मात्र जन्मभर बाबा म्हणाली ती थोरल्यालाच. धाकट्याला ती काका म्हणे, आणि तो ओ देई.

तात्पर्य: जो भांडणाला टोक ठेवत नाही, तो आधी स्वतःलाच कोंडून घेतो.