मिरी मुंगीचा घास आणि पावाविना बर्गर

सन दोन हजार एकोणीस. महिना मार्गशीर्ष. ऋतू हेमंत. दिवस लवकर मावळत होता. थंडी नाकाच्या शेंड्याला झोंबत होती.

कराड गावात एक घर होते. घरात एक स्वयंपाकघर होते. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक बारीकसे भोक होते. त्या भोकात मिरी राहत होती.

मिरी म्हणजे मुंगी. मिऱ्याच्या दाण्याएवढी. मिऱ्याच्या दाण्यासारखीच काळी. तिला पुष्कळ धाकटी भावंडे होती. ती फार लहान होती. थंडीत ती बाहेर पडत नसत. म्हणून मिरी एकटी बाहेर पडे आणि सर्वांसाठी घास आणी.

घास कुठून आणी? ताटाजवळून. त्या घरात एक रीत होती. संध्याकाळी पाने वाढली, की छोटी ऊर्वी पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवी. तो घास मिरीचा. ऊर्वी आधी घास काढी, मग जेवी. रीत म्हणजे रीत.

त्या संध्याकाळी मिरी आली. तुरू तुरू, तुरू तुरू. पाहते तो काय? ताटाबाहेर घास नाही. ताटातही घास नाही! ताट आपले कोरडे, लख्ख.

झाले होते असे. ऊर्वीची आई, वृंदाकाकू, कचेरीतून दमून आल्या होत्या. जेवायला झटपट काय करावे? काकूंनी ठरविले, बर्गर करावा. तिळाचे गोल पाव त्यांनी सकाळीच आणून डब्यात ठेवले होते.

पण ऊर्वीच्या आजोबांना, म्हणजे आबांना, दुपारी चहा लागतो. चहात पाव लागतो. आबांनी डबा उघडला. एक पाव चहात बुचकळला. डुबुक! गट्ट! दुसरा पाव बुचकळला. डुबुक! गट्ट! डबा रिकामा झाला.

"अहो आबा, ते बर्गरचे पाव होते!" काकू म्हणाल्या.

"मला वाटले, चहाचे आहेत," आबा म्हणाले. "चांगले गोडसर होते हो!"

ऊर्वी खुदकन हसली. काकूही हसल्या. आबा रुसले. बाहेरच्या खोलीत गेले आणि वर्तमानपत्राच्या आड जाऊन बसले.

आणि मिरीचा घास? घास राहिला.

मिरी ऊर्वीकडे गेली. तुरू तुरू, तुरू तुरू.

"ऊर्वीताई, ऊर्वीताई, घास काढशील का?
माझी भावंडे उपाशी आहेत."

ऊर्वी म्हणाली, "माझे ताट रिकामे. आई वाढील, तर मी घास काढीन."

मिरी काकूंकडे गेली. तुरू तुरू, तुरू तुरू.

"काकू, काकू, पान वाढाल का?
ऊर्वी घास काढत नाही,
माझी भावंडे उपाशी आहेत."

काकू म्हणाल्या, "अगं मिरे, बर्गर पावात भरतात. पाव गेले आबांच्या पोटात. आता मी वाढू कशात?"

मिरीने वर फळीकडे पाहिले. "काकू, वाडग्यात वाढले तर?"

"पावाविना बर्गर?" काकू म्हणाल्या. मग जरा थांबल्या. "बरे, पाहू. वाडगा भरेल, तर मी वाढीन."

मिरी वाडग्याकडे गेली. फळीवर चढली. तुरू तुरू, तुरू तुरू.

"वाडगेदादा, वाडगेदादा, भराल का?
काकू वाढत नाहीत,
ऊर्वी घास काढत नाही,
माझी भावंडे उपाशी आहेत."

वाडगा म्हणाला, "टण्ण! मी काय वाऱ्याने भरू? टिक्की उतरेल, तर मी भरेन."

मिरी टिक्कीकडे गेली. तुरू तुरू, तुरू तुरू. टिक्की होती बटाट्याची. तव्यावर बसली होती. चर्र चर्र, चर्र चर्र. मिरी लांबच उभी राहिली. तव्याजवळ जायचे नसते.

"टिक्कीताई, टिक्कीताई, उतराल का?
वाडगा भरत नाही,
काकू वाढत नाहीत,
ऊर्वी घास काढत नाही,
माझी भावंडे उपाशी आहेत."

टिक्की म्हणाली, "चर्र! मी नाजूक. वाडगा कडक. आपटले तर माझा भुगा होईल. कोबी गादी होईल, तर मी उतरेन."

मिरी कोबीकडे गेली. तुरू तुरू, तुरू तुरू. कोबी टोपलीत बसला होता. गोल गरगरीत.

"कोबीमामा, कोबीमामा, गादी व्हाल का?
टिक्की उतरत नाही,
वाडगा भरत नाही,
काकू वाढत नाहीत,
ऊर्वी घास काढत नाही,
माझी भावंडे उपाशी आहेत."

कोबी म्हणाला, "मी हा असा चेंडू! चेंडूची कधी गादी होते का? विळी चिरील, तर मी गादी होईन."

मिरी विळीकडे गेली. तुरू तुरू, तुरू तुरू. विळी कोपऱ्यात होती. पाते मिटून बसली होती.

"विळीबाई, विळीबाई, चिराल का?
कोबी गादी होत नाही,
टिक्की उतरत नाही,
वाडगा भरत नाही,
काकू वाढत नाहीत,
ऊर्वी घास काढत नाही,
माझी भावंडे उपाशी आहेत."

विळी म्हणाली, "हूं! मी एकटी कशी चिरू? माझ्यापाशी कोणी बसावे लागते. काकूंची आज कंबर दुखते. ऊर्वी लहान आहे; तिने माझ्याजवळ यायचेच नाही. शिवाय पाव कोणी खाल्ले? आबांनी! आबा बसतील, तर मी चिरीन."

मिरी आबांकडे गेली. बाहेरच्या खोलीत गेली. खुर्चीवर चढली. शालीवर चढली. वर्तमानपत्राच्या कडेवर जाऊन उभी राहिली. तुरू तुरू, तुरू तुरू.

"आबा, आबा, बसाल का?
विळी चिरत नाही,
कोबी गादी होत नाही,
टिक्की उतरत नाही,
वाडगा भरत नाही,
काकू वाढत नाहीत,
ऊर्वी घास काढत नाही,
माझी भावंडे उपाशी आहेत."

आबा म्हणाले, "छे! मी नाही बसणार. मला चिरता येत नाही. जन्मात एक भेंडी चिरली नाही मी. मघाशी पाव खाल्ले, तर सगळे हसले. आता कोबी चिरला, तर आणखी हसतील. कोणी हसणार नाही, तर मी बसेन."

आता कुणाकडे जावे? पुढे कोणीच नव्हते. खिडकीबाहेर अंधार पडला. भिंतीतल्या भोकातून बारीकसा आवाज आला. "ताई, घास! ताई, घास!"

मिरी म्हणाली, "आबा, मी हसणार नाही."

"खरे?"

"खरे."

"कोबी वेडावाकडा चिरला गेला तरी?"

"तरी. माझी भावंडे उपाशी आहेत, आबा. मला हसू येईल कुठून?"

आबांनी वर्तमानपत्र खाली केले. चष्मा वर केला. मिरीकडे नीट पाहिले.

"उपाशी आहेत? अगं, मग आधी नाही का सांगायचे?"

"आधीच सांगितले, आबा," मिरी म्हणाली. "सगळ्यांनाच सांगितले."

आबा उठले. घडी घालून त्यांनी वर्तमानपत्र ठेवले. शाल ठेवली. बाह्या वर सारल्या. हात धुतले. आणि आबा स्वयंपाकघरात गेले. थाप थाप, थाप थाप.

"अगबाई! आबा, तुम्ही?" काकू म्हणाल्या.

"मीच. विळी कुठून धरतात, तेवढे दाखवा."

ऊर्वीचे गाल फुगले. हसू ओठांपर्यंत आले. मिरी चटकन तिच्या तळहातावर चढली. "शू! ताई, हसायचे नाही. मी शब्द दिला आहे." ऊर्वीने तोंडावर हात ठेवला. हसू गिळून टाकले. गट्ट!

मग आबा बसले. खाली, पाटावर.

मग विळीने चिरले. कच्च! कच्च! एक पट्टी जाड. एक पट्टी बारीक. एक पट्टी फूटपट्टीएवढी रुंद!

कोणी हसले नाही. कोणी कोणीसुद्धा नाही.

मग कोबी गादी झाला. हिरवी हिरवी, उंच उंच.

मग टिक्की उतरली. गादीवर पडली. धप्प! भुगा झाला नाही. जरासुद्धा नाही.

मग वाडगा भरला. टोमॅटोच्या चकत्या आल्या. काकडीच्या चकत्या आल्या. वर किसलेले चीज आले. त्याच्यावर दही आले. थबक! वाडगा आता टण्ण वाजेना.

मग काकूंनी वाढले. ताटात वाडगा. वाडग्यात बर्गर. बर्गराला पाव नाही!

मग ऊर्वीने घास काढला. आधी घास, मग जेवण. टिक्कीचा एक कण. कोबीचा एक तुकडा. दह्याचा एक ठिपका. ताटाबाहेर, नेहमीच्या जागी.

"मिरे, हा तुझा," ऊर्वी म्हणाली.

मिरीने घास उचलला. घास मिरीपेक्षा मोठा होता! मिरी निघाली. तुरू थांब, तुरू थांब.

इकडे आबांनी वाडगा जवळ ओढला. वाडग्यात पाहिले. वाडग्याखाली पाहिले. मग म्हणाले, "सूनबाई, सगळे झकास आहे. पण पाव कुठे आहे?"

काकूंनी आबांकडे पाहिले. ऊर्वीने आबांकडे पाहिले. आबांनी आपल्या पोटाकडे पाहिले.

"अरेच्चा! मीच की तो खाल्ला!" आबा म्हणाले. आणि सर्वांच्या आधी आबाच हसले. हो हो हो! मग काकू हसल्या. मग ऊर्वी हसली. खुदू खुदू, खुदू खुदू.

मिरी हसली नाही. शब्द तो शब्द. तोंड घट्ट मिटून ती चालत राहिली. तुरू थांब, तुरू थांब. भिंतीपाशी आली. भोकात शिरली.

"ताई आली! घास आला!"

भावंडांनी टिक्की खाल्ली. कोबी खाल्ला. दही चाटले. पोटे गोल झाली, टम्म झाली. एक धाकटे भावंड म्हणाले, "ताई, हा कोबी असा कसा गं? एवढा जाड?"

"आबांनी चिरला," मिरी म्हणाली.

आणि मग मात्र मिरी हसली. भावंडे हसली. सगळे भोक हसले. इतके हसले, इतके हसले, की भिंतीला गुदगुल्या झाल्या.

घास पोटात गेला. गोष्टीने हात धुतले, तोंड पुसले आणि ती झोपायला गेली. तो वार होता बुधवार.