पाडसांवाचून कळप

फार फार वर्षांपूर्वी, एका डोंगराळ राज्यात कोंडाई नावाची म्हातारी राहत होती. राजाच्या रानातली हरणे मोजणे हे तिचे काम. दर हिवाळ्यात पंधरा दिवस ती एकेक पाणवठा पालथा घालायची, चिखलातले खुरांचे ठसे न्याहाळायची आणि दमूनभागून दरबारात यायची.

राजा एवढेच विचारायचा, "किती?"

"आठशे, महाराज."

राजा खूश व्हायचा. हरणांचे त्याला भारी वेड. कळप महालाच्या सज्जातून दिसावा म्हणून अलीकडे दर उन्हाळ्यात तो रानातले वाळके गवत पेटवायला लावी. मग कोवळे फुटवे यायचे आणि हरणे चरत चरत जवळ यायची.

एका वर्षी कोंडाई म्हणाली, "महाराज, हरणं आहेत तेवढीच आहेत. पण चिखलात लहान खूर दिसत नाहीत. आया पाडसांना उंच गवतात लपवतात, अन् आपण गवतच जाळतो. यंदा जाळू नका."

"आठशे आहेत ना? मग झालं तर!"

दुसऱ्या वर्षी ती पुन्हा तेच बोलली. तिसऱ्या वर्षी दरबारी हसले. चौथ्या वर्षी प्रधान म्हणाला, "कोंडाई, तुझे डोळे अधू झालेत."

पाचव्या वर्षी तिने फक्त आकडा सांगितला आणि सुजलेले पाय ओढत ती घरी गेली. त्यानंतर दरवर्षी तसेच. आकडा थोडाथोडा उतरत होता, पण दहावीस कमी झाल्याचे राजाला काही वाटले नाही.

मग एक कडाक्याचा हिवाळा आला. एव्हाना सगळा कळपच म्हातारा झाला होता; त्याला तो सोसवला नाही. वसंतात उरली चाळीस.

राजा धावत रानात गेला. "आजपासून गवताला कुणी काडी लावायची नाही! कोंडाई, आता वाढतील ना गं?"

कोंडाईने एका हरिणीकडे बोट दाखवले. तिच्या बरगड्या दिसत होत्या. "हिचं वय झालं. हिला आता पाडस व्हायचं नाही, महाराज. बाकीच्याही हिच्याच वयाच्या."

"मग तू मला पुन्हा का नाही सांगितलंस?"

"चार वर्षं सांगितलं. पाचव्या वर्षी मी थकले." ती जमिनीवर बसली. "तेवढी चूक माझी."

तीन वर्षांत रान रिकामे झाले. गवत पुरुषभर वाढले, पण त्यात लपायला कोणी उरले नव्हते.

म्हणून कळपात किती आहेत एवढेच मोजू नये. त्यांत लहानगी किती, हे आधी पाहावे.